गळ, तलाव आणि पाचवं कारण



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

अठरावा अध्याय म्हणजे गीतेचा समारोप. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनापुढे एक हिशेब मांडतात. कुठलंही काम तडीस जातं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे कामाचा आधार. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे साधनं. चौथी चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या हालचाली, खटपट. आणि पाचवं दैव. मग सोळाव्या श्लोकात एक इशारा येतो: वस्तुस्थिती अशी असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची नजर अजून तयार झालेली नाही.

टीकाकार इथे अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ सांगतात. मी आज तो अर्थ थोडा बाहेर नेतोय: जिथे काम घडतं ती जागा. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

या यादीत दैवाचा नंबर पाचवा आहे. पहिला नाही. पण ते यादीतून गाळलेलंही नाही. आपण मात्र बहुतेक वेळा या दोन्ही टोकांना जातो. यश आलं की दैव यादीतून गायब होतं, आणि अपयश आलं की तेच पहिल्या नंबरवर येऊन बसतं.

तर आजचा प्रश्न असा: नशीब सुधारता येतं का? आणि येत असेल तर ते देवाकडे मागणं योग्य आहे का?

हा प्रश्न मला पोथीतून पडलेला नाही. माझा एक कॉलेजचा मित्र ठाण्यात राहतो. आम्ही एकाच वर्षी इंजिनिअर झालो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आलो. काही महिन्यांपूर्वी त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव होतं. लहानपणी तो आजोबांबरोबर गळ टाकायला जायचा. आता पुन्हा जायला लागलाय. मला म्हणाला, "घरात बसलो की सगळे माझ्याकडे बघतात रे. तळ्यावर कोणी बघत नाही." आणि मग एक दिवस त्याचा मेसेज आला: "तू रोज एवढं वाचतोस. नशीब सुधारायला काय वाचू ते सांग. मासे पण लागत नाहीत आणि इंटरव्ह्यू पण." शेवटी हसणारा इमोजी होता. इमोजी सोडला तर बाकी सगळं खरं होतं.

मी माळकरी घरातला. आमच्याकडे डोंबिवलीत मासळी कधी शिजली नाही, आणि मी स्वतः गळ टाकत नाही. पण मित्राला उत्तर द्यायचं तर त्याच्या जागी जाऊन बघायला हवं, म्हणून दोन-तीन रविवारी पहाटेची लोकल पकडून त्याच्याबरोबर जाऊन बसलो. जे दिसलं, त्याच्याकडून जे कळलं आणि नंतर जे वाचलं, ते या पाच कारणांत इतकं चपखल बसलं की आज तेच तुमच्यासमोर ठेवतोय.

अधिष्ठान: तलाव

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. कोपिनेश्वराच्या पायाशी मासुंदा, येऊरच्या पायथ्याशी उपवन, शिवाय कचराळी, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, रायलादेवी. इकडे कल्याणला काळा तलाव, शीळ रस्त्यावर खिडकाळेश्वराच्या देवळाजवळचं तळं. आपण यांच्या काठाने फेऱ्या मारतो, भेळ खातो, पण आत काय चाललंय ते माहीत नसतं.

गोड्या पाण्यातले आपले तीन मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. तिघं एकाच तळ्यात राहतात, पण तीन मजल्यांवर. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी चरतो. म्हणजे तुमचा गळ तळाला टेकलेला असेल आणि तुम्ही कटल्याची वाट बघत असाल, तर त्यात नशिबाचा काहीच दोष नाही. पत्ता बरोबर आहे, मजला चुकलाय.

दुसरी गोष्ट हवेची. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू तयार करतात. रात्री हे काम बंद पडतं, पण श्वास घेणारे सगळे श्वास घेतच असतात. त्यामुळे हिरव्यागार पाण्याच्या तळ्यात सूर्योदयाच्या आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. नवखा माणूस खूश होतो, वाटतं आज नुसते उसळलेत. खरं तर ते खायला नाही, श्वास घ्यायला आलेले असतात. गुदमरलेला मासा आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. अशा तळ्यावर ऊन थोडं वर येऊ द्यावं, पाणी जागं होऊ द्यावं, मग गळ टाकावा. वारा वाहत असेल तर तो ज्या काठाकडे वाहतोय त्या काठाला बसावं, कारण तरंगणारं खाद्य तिकडे गोळा होतं आणि लाटांमुळे पाण्यात हवाही मिसळते.

कर्ता: बसणारा माणूस

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेषा असते. पाण्यातली थरथर त्याला तिथून कळते. काठावर पाय आपटत आलेला माणूस माशाला दिसण्याआधी जाणवतो. म्हणून जुने लोक काठावर हळू पावलं टाकतात, उन्हात आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत.

मी बघितलं की माझा मित्र दर पाच मिनिटांनी गळ वर काढायचा. आमिष आहे की गेलं, बघायचा, परत टाकायचा. शेजारी एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, "बाळा, पेरलेलं बी रोज उकरून बघितलं तर उगवेल का?" मित्र हसला. मला त्याचा फोन आठवला, ज्यावर तो दिवसातून पन्नास वेळा मेल उघडून बघतो. कर्ता अस्वस्थ असला की त्याची अस्वस्थता दोरीतून पाण्यात उतरते. हे अध्यात्म म्हणून सांगत नाहीये. दोरी खरंच हलते.

करण: साधनं

इथे थोडक्यात सांगतो, कारण दुकानात गेलात तर दुकानदार तासभर सांगेल. तळ्यात चिलापी जास्त असेल तर तिचं तोंड लहान, म्हणून गळ लहान हवा. गळाचं टोक नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. तंगुसाची गाठ आवळण्याआधी ती ओली करायची, कारण कोरडी गाठ घासून तापते आणि दोरी तिथेच कमजोर होते. मग मोठा मासा नेमका त्याच गाठीवर तोडून जातो आणि माणूस घरी येऊन म्हणतो, "नशीबच फुटकं." नशीब नव्हे, गाठ कोरडी होती.

चेष्टा: खटपट

कणीक, पाव, गांडूळ, शेंगदाण्याची पेंड. कुठल्या तळ्यात काय चालतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादा बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम चालला, तर कशामुळे चालला ते कधीच कळत नाही. गळाचं तसंच आहे. आधी खोली बदला. मग आमिष. मग जागा. आणि वहीत लिहून ठेवा: वार, वेळ, ऊन की ढग, कुठलं आमिष, काय लागलं. एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात ती वही तुमची पोथी होते. चारा टाकायचा तर मूठभरच. पोट भरलेला मासा गळाकडे येत नाही, आणि उरलेला चारा तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू खातो.

आणि हो, हातात काठी घेण्याआधी काठावरचा फलक वाचा. बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून त्याला नशीब म्हणता येत नाही.

ही चार कारणं झाली. लोक ज्याला "लक सुधारणं" म्हणतात, त्यातलं बरंचसं या चारांत येतं. म्हणजे ते नशीब नसतंच, आपलंच न केलेलं काम असतं. पण मंडळी, हे सगळं जमलं तरी एखाद्या दिवशी मासा लागत नाही. सगळं बरोबर केलेला माणूस रिकाम्या हाताने उठतो आणि शेजारी सहज येऊन बसलेल्या पोराला दोन किलोचा रोहू लागतो. हे का? इथे पाचवं कारण येतं.

पाचवं कारण

दैव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॉटरीचं तिकीट येतं, किंवा सटवाईने कपाळावर लिहिलेला लेख. पण या श्लोकावर आचार्यांनी काय म्हटलंय ते बघितलं की चकित व्हायला होतं. आद्य शंकराचार्य इथे दैव म्हणजे सूर्यादी देवता असा अर्थ घेतात, ज्या आपल्या इंद्रियांना साहाय्य करतात. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तिथेही दैव म्हणजे इंद्रियांच्या पाठीशी असणारा देवतांचा समूह असंच विवरण येतं. रामानुजाचार्य त्याहून आत जातात आणि म्हणतात, दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा.

म्हणजे काय? डोळा माझा, बघणारा मी, पण सूर्य नसेल तर दिसणार काय? माझ्या प्रत्येक कामामागे असा एक आधार आहे जो मी तयार केलेला नाही आणि जो बहुतेक वेळा माझ्या लक्षातही येत नाही. दैव म्हणजे हा न दिसणारा आधार.

आता पुन्हा तळ्याकडे बघा. सूर्य उगवतो, शेवाळ प्राणवायू सोडायला लागतं, मासा जागा होतो, त्याला भूक लागते, तो आमिषाकडे येतो. शंकराचार्यांनी म्हटलेला तो आदित्य इथे अक्षरशः गळाला मासा लावतोय. आणि आपण घरी येऊन सांगतो, "आज मी रोहू पकडला."

अजून एक आधार सांगतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. म्हणजे शहरातल्या बंदिस्त तळ्यातला रोहू तिथे आपोआप जन्मलेला नसतो. कुणीतरी त्याची बोटुकली आणून सोडलेली असते. पूर्वी हे बीज नद्यांमधून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यातून पुढे देशभर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. तळ्यावर बसलेल्या त्या पोराला चौधरी हे नाव माहीत नाही. बीज सोडणारे हातही माहीत नाहीत. तो म्हणतो, "लक होतं." त्याचं लक सत्तर-ऐंशी वर्षांच्या कष्टांचं आहे, फक्त ते कष्ट त्याचे नाहीत.

तर नशीब सुधारता येतं का, या प्रश्नाचं उत्तर मला गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात मिळालं. तिथे अकराव्या-बाराव्या श्लोकांत भगवंत सांगतात की देवांचं पोषण माणसाने करायचं आणि माणसाचं देवांनी. असं एकमेकांना सांभाळून दोघांचं भलं होतं. आणि ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काही न देता जो नुसता भोगतो, त्याला भगवंतांनी थेट चोर म्हटलंय. दोन श्लोक जोडून वाचले की सूत्र हाती येतं: दैव मागून वाढत नाही, पोसल्याने वाढतं. आणि पोसलेलं दैव एकट्याचं राहत नाही, सगळ्या तळ्याचं होतं.

पण नशीब कोणाचं?

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गळ टाकणाऱ्याचं नशीब फळफळतं तेव्हा माशाचं संपतं. मग देवाला "आज मासा लागू दे" असं म्हणायचं का?

तळ्यावर मी एक दृश्य रोज बघितलं. एका काठाला एक काकू कणकेच्या गोळ्या करून माशांना घालत होत्या, पुण्य म्हणून. दुसऱ्या काठाला माझा मित्र, तशाच कणकेची गोळी, फक्त आत गळ. माशाच्या दृष्टीने बघा, दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतात. मला पटकन वाटलं, काकू पुण्यवान, मित्र पापी. पण नीट विचार केला तर एवढं सोपं नाही. काकूंसारखे शंभर जण रोज पाव आणि कणीक टाकतात, न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि पहाटे तेच मासे गुदमरतात. निर्माल्याच्या पिशव्यांचंही तसंच. पुण्याच्या गोळीतही कधीकधी गळ असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेत एका मांस विकणाऱ्याकडे जातो. व्याध त्याला सांगतो की मी स्वतः मारत नाही, पण हा व्यवसाय घोर आहे हेही मी नाकारत नाही. आणि नांगर फिरतो तेव्हाही जमिनीतले किती जीव मरतात ते बघ. तो हिंसेचं समर्थन करत नाही. तो फक्त एवढं म्हणतो की कुणीही स्वतःला पूर्ण निर्मळ समजून दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. मी गळ टाकत नाही. पण त्यावरून मी चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या माणसापेक्षा वरचा ठरत नाही. त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी पाण्यात आहे आणि नारळी पौर्णिमेला तो त्या पाण्याला नारळ देतो. म्हणजे पोसणं त्याला माझ्या आधीपासून माहीत आहे.

मग रेषा कुठे आखायची? मला वाटतं, नशिबाची हाव सुटते तिथे. पहिल्या पावसात उल्हास, काळू, भातसाच्या पट्ट्यात मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात चढतात. वलगणीचे मासे. तेव्हा ते पकडणं इतकं सोपं असतं की नुसत्या हातानेही मिळतात. सगळे म्हणतात, "काय नशीब!" पण ते मासे अंडी घालायला निघालेले असतात, पोटात गाभोळी असते. त्या दिवशी जे फळफळतं ते नशीब नाही, पुढच्या वर्षांकडून घेतलेली उचल आहे. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती याच विचाराने. चिलापीची मादी तर अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरते, आणि तेवढे दिवस सहसा खात नाही. अशी मादी जाळ्यात आली तर तिला परत सोडणं यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. पण तेच दैवाचं पोषण आहे.

शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. हात धुताना ओंजळीत एक चिमुकला मासा आला. न मागता, न गळ टाकता आलेला मासा. यापेक्षा मोठं "लक" कुठलं? मनूने तो ठेवून घेतला नाही. घड्यात वाढवला, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडला. पुढे जलप्रलय आला तेव्हा त्याच माशाने त्याची नाव ओढून नेली. हातात आलेलं सोडल्यावरच मनूचं नशीब तयार झालं.

गळ आपल्यालाही असतो

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितलेत. नाथमहाराजांनी या स्कंधावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत एक मासा आहे. जिभेच्या ओढीने तो गळ गिळतो, म्हणून तो गुरू: भूक असताना सावध कसं राहावं हे तो शिकवतो.

नोकरी गेलेल्या माणसाला हा गुरू फार उपयोगी आहे. माझ्या मित्राला एक मेसेज आला होता. नोकरी पक्की, फक्त "प्रोसेसिंग"चे काही हजार आधी भरा. दुसऱ्याने नशीब खुलवणारं रत्न सुचवलं. कणकेची गोळी छान मळलेली होती, आत काय आहे ते मळणाऱ्याला ठाऊक होतं. नशिबाची भूक लागलेला माणूस हा पाण्यातला सगळ्यात सोपा मासा असतो. म्हणून "नशीब सुधारायला काय वाचू" असं कोणी विचारलं की मला आधी भीती वाटते, की याच्याभोवती किती गळ पडले असतील.

मी त्याला स्तोत्र सांगितलं नाही असं नाही. म्हटलं, विष्णुसहस्रनाम म्हण, मन स्थिर होईल. पण ते आमिष म्हणून टाकू नकोस. देव म्हणजे मासा नव्हे. आणि मग सोळावा श्लोक दाखवला. तो तीन महिने स्वतःला दोष देत होता: मीच कमी पडलो, मीच नवं काही शिकलो नाही. मी म्हटलं, "अरे, जो एकट्या स्वतःला कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असं भगवंतच म्हणतात. हे यशाच्या गर्वाला जितकं लागू आहे तितकंच अपयशाच्या अपराधी भावनेलाही. पाचातली चार कारणं तपास. रेझ्युमेचं टोक नखावर टेकवून बघ. कुठल्या थरात अर्ज करतोयस ते बघ. वही ठेव. पण पाचवं तुझ्या खात्यावर लिहू नकोस."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि पाचव्याचं काय करायचं?"

याचं उत्तर मी त्याला दिलं नाही, कारण ते त्याच्यासाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं, आणि तुमच्यासाठी आहे. त्याचं पाचवं कारण म्हणजे त्याच्या न कळत त्याच्या पाठीशी उभा राहणारा कोणीतरी. ऑफिसात जागा निघाली की त्याचं नाव पुढे करणारा, त्याचा रेझ्युमे योग्य माणसापर्यंत पोचवणारा, त्याच्या बायकोला "काळजी करू नका वहिनी" म्हणणारा. डॉ. चौधरी जसे तळ्यावरच्या पोराला माहीत नाहीत, तसे आपणही त्याला माहीत नसलो तरी चालेल.

आपण रोज देवाला म्हणतो, माझं नशीब चांगलं कर. देवानेही अनेकदा कुणाचं तरी नशीब आपल्या हातात देऊन ठेवलेलं असतं. आपण ते उघडून बघत नाही, एवढंच.

आजचा संकल्प

एक. जवळच्या तळ्यावर गेलात तर पाण्यात काही टाकू नका, अगदी पुण्य म्हणूनही नाही. निर्माल्य कलशात टाका. गणपतीचं विसर्जन कृत्रिम तलावात करा. गळ टाकत असाल तर लहान मासा आणि गाभोळीची मादी परत सोडा.

दोन. आज जे काही चांगलं घडेल त्यामागचं एक तरी न दिसलेलं कारण शोधा आणि मनातल्या मनात नमस्कार करा.

तीन. काम नसलेला, आजारी किंवा एकटा पडलेला एक माणूस आठवा आणि आज त्याचं पाचवं कारण व्हा. त्याला सांगू नका.

हे नारायणा, मासा होऊन मनूची नाव ओढणाऱ्या देवा, आमच्या पहिल्या चार कारणांत आळस राहू देऊ नकोस आणि पाचव्यात हाव. आम्हाला मिळालेलं दैव आम्ही एकट्याचं समजू नये, एवढी बुद्धी दे.

उद्या भेटू, श्लोक १७ घेऊन.

राम कृष्ण हरी.